गाभारा, आवळा आणि उंबरठा

श्रावणातला सोमवार होता. घृष्णेश्वराच्या रांगेत दोन-अडीच तास गेले, दर्शन झालं, आणि परभणीहून आलेली आत्या म्हणाली, "एवढ्या लांब आलोच आहोत तर लेणी बी बघू की." वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात पोचलो तेव्हा एक गाईड दुसऱ्या कुणाला तरी समजावत होता. "हे चैत्यगृह. शैलगृह स्थापत्याचा उत्तम नमुना. दर्शनी भागावर चैत्यगवाक्ष, आत स्तूप, स्तूपासमोर प्रलंबपादासनातला बुद्ध, हात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "मराठीतच बोलायलाय ना त्यो? मग मला एक शब्द बी कळंना कामून?"

प्रश्न रास्त होता. पुरातत्त्वाची पुस्तकं, लेण्यांपुढचे फलक आणि गाईडची पाठ केलेली भाषणं या सगळ्यांची एक ठरावीक भाषा झालेली आहे. ती संस्कृतातून आली म्हणून अवघड वाटते. पण त्या दिवशी आत्याला एकेक शब्द सोडवून सांगताना माझ्याच लक्षात आलं, की यातले निम्मे शब्द तिच्या तोंडात रोज असतात. फक्त झिजलेल्या रूपात.

देऊळ म्हणजे 'देवकुल', देवाचं घर. राऊळ म्हणजे 'राजकुल', आधी राजवाडा आणि मग देवाचाही वाडा. गाभारा म्हणजे 'गर्भागार'. कळस म्हणजे कलश. तुळजापूरला ज्या ओवऱ्यांत आपण सामान ठेवून बसतो, ती ओवरी म्हणजे 'अपवरक', आतली खोली. आणि मला सगळ्यात आवडलेला शब्द म्हणजे उंबरठा. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत दाराच्या खालच्या आडव्या दगडाला किंवा लाकडाला 'उदुंबर' म्हणतात. उदुंबर म्हणजे उंबराचं झाड. मराठीत आजही उंबर म्हणजे झाड आणि उंबरा म्हणजे दाराची चौकट ओलांडताना लागते ती पट्टी, दोन्ही शब्द शेजारीशेजारी नांदतात.

तर लेण्यांपासून सुरुवात करू. 'लेणं' हा शब्द 'लयन' पासून आला. राहण्याची, विसाव्याची जागा. नाशिक, जुन्नर, कार्ले इथं खडकावर ब्राह्मी लिपीत जे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेत त्यांची भाषा प्राकृत आहे आणि त्यात 'लेण' हा शब्द जवळजवळ आजच्यासारखाच येतो. पाण्याच्या खोदीव टाक्याला तिथं 'पोढी' म्हटलंय, खोलीला 'ओवरक', आणि चैत्याच्या दालनाला 'चेतियघर'. म्हणून 'गुहा' आणि 'लेणं' यांत मी फरक करतो. गुहा आपोआप झालेली असते. लेणं माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेलं असतं, आणि बहुतेकदा कुणाच्या तरी दानातून. कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात पैठणच्या एका गंधिकाचं, म्हणजे अत्तर-सुगंधी विकणाऱ्याचं नाव आहे. तिथंच सापडलेल्या एका ठेंगण्या, ढेरपोट्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर लिहिलंय, की हा कण्हदास नावाच्या सोनारानं घडवला. म्हणजे नाव राहिलं ते अत्तरवाल्याचं आणि सोनाराचं. राजाचंच असायला पाहिजे असं काही नाही.

वेरूळची ३४ लेणी क्रमानं जातात: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. हा क्रम चालण्याच्या सोयीचा आहे, कालक्रम नव्हे. हिंदू लेण्यांपैकी काही बौद्ध लेण्यांच्या आधीची आहेत. 'आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन' अशी सरळ शिडी डोक्यात घेऊन येणाऱ्याची तिथं फसगत होते.

आता चैत्य आणि विहार. हा फरक कळला की बौद्ध लेण्यांचं अर्धं गणित सुटतं.

चैत्य हा शब्द चिता, चिती याच कुळातला. रचलेलं, ढीग केलेलं. महापुरुषाच्या अस्थींवर मातीचा उंचवटा रचायची फार जुनी रीत होती. त्याचंच घडीव रूप म्हणजे स्तूप. स्तूपाचे भाग खालून वर बघत जा. आधी गोल जोतं, त्याला मेधी म्हणतात. त्यावर अर्धगोल अंड. अंडावर चौकोनी कठड्यासारखी हर्मिका. तिच्यातून निघालेला दांडा म्हणजे यष्टी आणि त्यावर छत्र, एकावर एक असतील तर छत्रावली. छत्री ही राजेपणाची खूण. इथं ती बुद्धाच्या अवशेषांवर धरलेली आहे. ज्या दालनात असा स्तूप असतो ते चैत्यगृह. त्याचा मागचा भाग अर्धगोल असतो, कारण स्तूपाला फेरी घालायची असते. दोन्ही बाजूंना खांबांची ओळ असते, मधे लोकांनी बसायची जागा, आणि खांबांमागून प्रदक्षिणेची वाट. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात असे ३९ अष्टकोनी खांब आहेत. त्यातल्याच एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव खरडून ठेवलंय. किल्ल्यांवर बदाम काढून नावं लिहिणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आणि सरकारी आहे.

विहार म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरू नये, एका जागी राहावं, असा नियम होता; त्याला वर्षावास म्हणतात. म्हणून मधे मोकळं दालन आणि तीन बाजूंनी लहान लहान खोल्या, त्यात दगडाचाच ओटा झोपायला. आज मराठवाड्यातल्या गावोगावी जे बुद्धविहार आहेत तिथं कुणी राहत नाही, तिथं वंदना होते. मग शब्द चुकलाय का? नाही. अजिंठ्याला पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात जे विहार कोरले गेले त्यांच्या मागच्या भिंतीत एक गाभारा काढून त्यात बुद्धमूर्ती बसवलेली दिसते. राहण्याची जागा हळूहळू वंदनेची जागाही झाली होती. गावातल्या विहाराचा अर्थ त्या वळणावरूनच पुढं आलाय.

असंच वळण स्तूपाच्या बाबतीतही आहे. अजिंठ्याची ९ आणि १० ही जुनी चैत्यगृहं इसवी सनापूर्वीची. तिथला स्तूप अगदी साधा, त्यावर बुद्धाची मूर्ती नाही. त्या काळात बुद्ध दाखवायचा तो खुणेनं: रिकामं आसन, बोधिवृक्ष, चक्र, पाऊलखुणा, नाहीतर स्तूप. पुढं पाचव्या शतकातल्या १९ आणि २६ नंबरच्या चैत्यगृहांत जा, तिथं स्तूपाच्या दर्शनी बाजूला बुद्ध प्रकट झालेला आहे. आणि सातव्या शतकातल्या वेरूळच्या १० नंबरमध्ये तर बुद्ध एवढा मोठा झालाय, की मागं स्तूप आहे हे सांगावं लागतं. ही तीन ठिकाणं एका सुट्टीत बघितली तर बौद्ध धर्मातला केवढा मोठा बदल डोळ्यांनी दिसतो.

वेरूळच्या त्याच १० नंबरमध्ये वर मान करा. छताला दगडाच्या बरगड्या आहेत, लाकडी वाशांसारख्या. त्या काहीच पेलत नाहीत. डोंगर कोरून केलेल्या छताला वाशांची गरज काय? पण कारागिरांच्या डोळ्यांसमोर आधीची लाकडी सभागृहं होती, आणि चैत्यगृह म्हणजे असंच दिसलं पाहिजे हे मनात पक्कं होतं. पुणे जिल्ह्यात कार्ल्याला तर खऱ्या लाकडाच्या कमानी दगडी छताला बसवलेल्या आजही आहेत. वेरूळच्या या लेण्याला आसपासचे लोक 'सुतार का झोपडा' म्हणतात, विश्वकर्म्याचं लेणं समजतात. अभ्यासक याला लोकांचा गैरसमज म्हणून सोडून देतात, पण मला वाटतं गावकऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं: हे काम पाथरवटाच्या हातचं आणि सुताराच्या डोक्यातलं आहे.

चैत्यगवाक्ष म्हणजे दर्शनी भागावरची ती मोठी, घोड्याच्या नालेसारखी खिडकी. आत उजेड यायची हीच मोठी वाट. दुपारी कलत्या उन्हात तो उजेड थेट मूर्तीवर पडतो. ही खिडकी पुढं इतकी आवडती झाली, की तिचं छोटं रूप देवळांच्या शिखरांवर, छज्जांवर निव्वळ नक्षी म्हणून येऊ लागलं. शिखरावर नालेच्या आकाराची, आत कधी एखादं तोंड असलेली गोल जाळी दिसली तर ती या बौद्ध खिडकीचीच नात समजा. ही देवाणघेवाण बघायची असेल तर धाराशिव जिल्ह्यात तेरला जा. जुनं नाव तगर, व्यापाराचं मोठं गाव. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे आणि त्याची मागची बाजू चैत्यगृहासारखी अर्धगोल आहे. मूळचं ते बौद्ध चैत्य असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आज आत विष्णू आहे.

मुद्रा आणि आसनं यांची यादी पाठ करू नका. चार-पाच ओळखता आल्या तरी खूप झालं. उजव्या हाताची बोटं खाली जमिनीला लागलेली म्हणजे भूमिस्पर्श: मारानं, म्हणजे मोहानं, 'तुझ्या तपाला साक्षीदार कोण?' असं विचारलं आणि सिद्धार्थानं भूमीला साक्षी केलं तो क्षण. दोन्ही हात छातीशी, बोटांचा गोल केलेला म्हणजे धर्मचक्रप्रवर्तन, सारनाथचं पहिलं प्रवचन. आसनाखाली चक्र आणि दोन हरणं असतील तर शंकाच नको, कारण ते प्रवचन मृगवनात झालं. अजिंठ्याच्या १ नंबरच्या गाभाऱ्यात ही हरणं दिसतात. तळहात समोर वर धरलेला म्हणजे अभय, खाली सोडलेला म्हणजे वरद. मांडीवर हातावर हात म्हणजे ध्यान. आणि गाईडचं ते अवघड 'प्रलंबपादासन' म्हणजे खुर्चीवर बसल्यासारखे दोन्ही पाय खाली सोडलेले. एवढंच. आत्या म्हणाली, "मग पाय सोडून बसलाय असं सांगायला काय झालतं त्याला?"

बुद्ध आणि बोधिसत्त्व यांतला फरक मात्र जरूर लक्षात ठेवा. अंगावर फक्त चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, दागिना नाही, तो बुद्ध. मुकुट, हार, बाजूबंद असलेला राजपुत्रासारखा तो बोधिसत्त्व. बुद्धत्वाच्या वाटेवर असूनही सगळ्यांना सोबत नेण्यासाठी थांबलेला. हातात कमळ म्हणून पद्मपाणी. पाणी म्हणजे हात. हाच अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेनं खाली बघणारा. त्याच्या मुकुटात छोटासा ध्यानस्थ बुद्ध शोधा. संभाजीनगरला विद्यापीठामागच्या डोंगरात जी औरंगाबाद लेणी आहेत, ज्यांना शहरातले लोक बुद्धलेणी म्हणतात, तिथं ७ नंबरच्या दारापाशी हा अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेली माणसं आहेत. आग, तलवार घेतलेला लुटारू, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, मृत्यू. याला अष्टमहाभय म्हणतात. पैठण-तेरकडून बंदरांकडं माल नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या रात्रीच्या झोपेत येणारी हीच स्वप्नं असणार. समुद्रापासून एवढ्या लांब डोंगरात बुडतं जहाज का कोरलं, याचं उत्तर त्या बैलांच्या तांड्यांत आहे.

लेण्यांवर बराच वेळ गेला. देवळाकडं वळू.

देऊळ आडवं वाचायचं आणि उभंही वाचायचं. आडवं म्हणजे आपण आत चालत जातो तसं. पुढं मुखमंडप, मग सभामंडप किंवा रंगमंडप, मग एक अरुंद बोळ, त्याला अंतराळ म्हणतात (आकाशाशी संबंध नाही, 'मधली जागा' एवढाच अर्थ), आणि मग गाभारा. चालताना उजेड कमी होत जातो, छत खाली येतं, नक्षी संपते. गाभाऱ्यात भिंती कोऱ्या असतात. गर्भ म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला जा. तिथं गाभारा जमिनीखाली आहे. दाटीच्या पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं आणि आत नीट ताठ उभंही राहता येत नाही. त्या गाभाऱ्यात 'गर्भागार' शब्दाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

मंडपात एवढे खांब का, हाही प्रश्न आत्यानं विचारला. कारण आपल्या जुन्या देवळांत खरी कमान नाही. खांब, त्यावर तुळई, तुळईवर दगडी फरशा, अशी रचना. दगडाला वरून दाब चालतो, पण आडवा लांब टाकला तर तो मधे मोडतो. म्हणून तुळई आखूड ठेवायची आणि खांब जवळजवळ आणायचे. मधला चौक मोठा झाकायचा तर चारी कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून जागा लहान करायची, त्यावर परत तिरपे, असं करत शेवटी वर एक कमळ बसवायचं. त्या कोरीव छताला वितान म्हणतात. 'कमान' आणि 'घुमट' हे दोन्ही शब्द मराठीत फारसीतून आले, आणि ते बांधकामही मोठ्या प्रमाणावर त्यांच्यासोबतच आलं.

दाराशी थांबा. दाराच्या चौकटीला द्वारशाखा म्हणतात. एकात एक जितक्या पट्ट्या तितक्या शाखा. खाली दोन्ही बाजूंना बहुतेकदा दोन बायका असतात. मगरीवर उभी ती गंगा, कासवावर उभी ती यमुना. म्हणजे आत जाताना आपण दोन नद्यांत न्हाऊन जातो. चौकटीच्या वरच्या पट्टीत मधोमध जी छोटी मूर्ती असते ती ललाटबिंब, शब्दशः कपाळावरची खूण. उंबरठ्यापुढचा अर्धचंद्राच्या आकाराचा दगड म्हणजे चंद्रशिला. आणि उंबरठ्यावर डोळे वटारलेलं, जबडा फाकलेलं, खालचा ओठ नसलेलं एक तोंड असतं ते कीर्तिमुख. त्याची गोष्ट अशी सांगतात: शंकरानं रागातून एक भुकेला राक्षस काढला, ज्याला खायचं तो शरण आला, मग राक्षस म्हणाला, मी काय खाऊ? शंकर म्हणाला, स्वतःला खा. त्यानं खाल्लं, पायापासून सुरुवात करून, फक्त तोंड उरलं. शंकर खूश झाला आणि म्हणाला, माझ्या दारात तू राहा.

उभं वाचायचं म्हणजे शरीरासारखं. खाली जोतं, शास्त्रात अधिष्ठान. त्याच्या थरांना हत्ती असले की गजथर, माणसं असली की नरथर. मधली मूर्तींची भिंत म्हणजे जंघा, मांडीच. वर शिखर. उत्तरेकडच्या नागर पद्धतीत शिखराच्या मानेवर एक खाचाखाचांचा चपटा गोल दगड असतो. त्याचं नाव आमलक, म्हणजे आवळा. फोडी दिसणारा आवळा डोळ्यांपुढं आणा, परत विसरणार नाही. त्यावर कळस. दक्षिणेच्या द्रविड पद्धतीत शिखर एकावर एक मजले रचल्यासारखं चढत जातं, त्या पूर्ण भागाला विमान म्हणतात आणि सगळ्यात वरच्या घुमटीलाच तेवढं शिखर. तिच्यावरच्या टोकाला स्तूपी, म्हणजे स्तूप इथंही डोकावला. आपल्याकडं दोन्ही वारे वाहतात. आणखी एक भूमिज पद्धत आहे: चारी बाजूंना उभे पट्टे आणि मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी, माळेत मणी ओवल्यासारख्या. मराठवाड्यातल्या जुन्या देवळांची मूळ शिखरं मात्र फार थोडी उरलीत. खाली काळा कोरीव दगड आणि वर चुन्या-विटांचं नंतरचं शिखर, हा सांधा अनेक ठिकाणी उघड्या डोळ्यांना दिसतो.

वेरूळचं कैलास, १६ नंबर, हे द्रविड पद्धतीचं विमान. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात मुख्यतः झालेलं. याला 'बांधलं' म्हणता येत नाही. डोंगरात खंदक खणून मधे एक प्रचंड कातळ सुटा केला आणि वरून खाली कोरत आणलं. म्हणजे कळस आधी, पाया शेवटी. पायाड बांधावं लागलं नाही, पण चूक दुरुस्त करायची सोयही नव्हती. एकदा निघालेला दगड परत चिकटत नाही. आपल्याकडं गोष्ट आहे, की राणीनं देवळाचा कळस दिसेपर्यंत जेवायचं नाही असा पण केला. बाकीचे कारागीर हताश झाले, पण पैठणचा कोकस म्हणाला, वरूनच सुरुवात करतो, आठवड्यात कळस दाखवतो. कुणी तरी या बांधणीचं कारण विचारलं असेल आणि कुणी तरी असं हुशार उत्तर दिलं असेल. राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात तर म्हटलंय, की विमानांतून जाणाऱ्या देवांनाही हे बघून नवल वाटलं आणि खुद्द करणारा शिल्पी चकित झाला, हे माझ्या हातून झालं कसं?

आता माझी एक जुनी तक्रार, 'हेमाडपंती' या शब्दाबद्दल. काळ्या दगडाचं, चुना न लावता बांधलेलं कुठलंही देऊळ दिसलं की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा अधिकारी. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण नांदेड जिल्ह्यातली होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, हेमाद्रीचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. चुना न वापरता दगडाला खाचा-कुसू पाडून, वजनावर तोलून बसवायची रीत त्याच्या आधी कित्येक पिढ्या रुळलेली होती. एका माणसाच्या नावावर आपण मोडी लिपी टाकली, बाजरी टाकली आणि तीनशे वर्षांची देवळंही टाकली. ज्या शेकडो पाथरवटांनी ती उभी केली त्यांच्या वाट्याला एक अक्षर आलं नाही. मी स्वतः 'चालुक्यकालीन' किंवा 'यादवकालीन' म्हणतो. कुणी हेमाडपंती म्हटलं तर भांडत मात्र नाही, कारण तोही शब्द आता लोकांचाच झालाय.

शेवटी मूर्ती ओळखायचा एक खेळ सांगतो. जुन्या विष्णुमूर्तीला चार हात आणि चार वस्तू: शंख, चक्र, गदा, पद्म. चार हातांत चार वस्तू अदलाबदल करून किती प्रकारे देता येतील? पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, चौथ्याला उरलेली एक. ४ × ३ × २ × १ म्हणजे २४. संध्या करताना 'केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः' असं जी नावं घेतात ती चोवीस असतात, ती हीच. वाचायची रीत अशी: देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरू करा, मग उजवा वरचा, मग डावा वरचा, मग डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला तर नारायण. काही नावांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत फरक आहे, पण केशवापासून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त लक्षात ठेवा, देवाचा उजवा म्हणजे बघणाऱ्याचा डावा. माझी पहिली दहा-बारा देवळं इथंच चुकली.

आत्याला मी हे परतीच्या बसमध्ये सांगितलं. तिनं बोटांवर दोनदा मोजलं आणि मग झोपली.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. जावेच्या माहेरी लग्नाला गेली होती. गावाच्या पारावर पिंपळाखाली जुन्या मूर्ती मांडून ठेवलेल्या, त्यात एक चार हातांची.

"उजव्या खालच्या हातात कमळ हाय. वर शंख. डाव्या वरच्या हातात चक्र. पण डावा खालचा हातच तुटलाय बघ."

मी काही बोलायच्या आत तिनंच सांगितलं, "तीन दिसायल्यात म्हणजे उरली गदाच की. केशव हाय हा."

"बरोबर, आत्या."

"बरोबर ते हायच. पण या लोकांनी म्हसोबा म्हणून शेंदूर फासलाय त्याला. आता कुणाला सांगू?"